कूलरच्या पाण्यात गेलेले चोवीस शब्द

भुसावळचा मे म्हणजे कूलर दिवसरात्र चालू. आमच्या कूलरची टाकी गळली आणि पाणी थेट खालच्या लोखंडी पेटीत. तिथेच, घराच्या कागदपत्रांखाली, माझ्या हार्डवेअर वॉलेटचा, म्हणजे बिटकॉइनची गुप्त चावी सांभाळणाऱ्या डबीसारख्या यंत्राचा, कागद. डबी बिघडली किंवा हरवली तर तीच चावी परत मिळवून देणारे २४ इंग्रजी शब्द त्यावर. २४ पैकी ७ शब्दांची नुसती निळी शाई उरली. वॉलेट चालू होतं म्हणून वाचलो. बिटकॉइन काही त्या डबीत नसतं, ते ब्लॉकचेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सामायिक नोंदवहीत; डबीत फक्त चावी.

माझी डबी ते शब्द पुन्हा दाखवत नाही. शिवाय खरं सांगतो, सुरुवातीला मी त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला होता, तो आपोआप क्लाउडवर गेलेला. म्हणजे जुनी चावी तशीही बाटलेलीच.

दुसरं वॉलेट थेट कंपनीकडून मागवलं, त्यावर नवे शब्द तयार केले. फॅब्रिकेशनवाल्या मित्राकडून अक्षरांचे पंच आणि स्टीलच्या दोन पट्ट्या आणल्या. ठोकाठोकी मात्र घरी, दार लावून. हे शब्द ज्या ठरलेल्या यादीतून येतात तिच्यात २०४८ शब्द असतात आणि पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो, म्हणून तेवढीच ठोकली. बाहेरून आई, "काय ठोकी ऱ्हायना रे?"

पैसे हलवण्याआधी नवं वॉलेट मुद्दाम पुसलं आणि पट्टीवरून परत उभं करायला बसलो. सातवा शब्द सापडेचना. ई च्या जागी एफ ठोकला होता! नशीब, नवे शब्द आधी लिहिलेला कच्चा कागद अजून जाळला नव्हता. दुरुस्ती केली, आधी टिपून ठेवलेला नव्या वॉलेटचा पत्ता (खाते क्रमांकासारखा, ज्यावर बिटकॉइन येतं) जुळला, थोडी रक्कम पाठवून पाहिली, मग बाकीची.

दुसरी पट्टी धुळ्याला, ताईच्या कपाटात, सीलबंद पाकिटात.