चोवीस तासांत मॉडेल कार जोडताय? या चुका टाळा

शनिवारी सकाळी ९ वाजता प्लास्टिकच्या सुट्या भागांचा खोका, म्हणजे किट, उघडायचा आणि रविवारी सकाळी ९ वाजता १/२४ मापाची गाडी चार चाकांवर टेबलावर उभी करायची. जगभरातले मॉडेल करणारे हा खेळ हौसेनं खेळतात. मी पुण्यात तो सहा वेळा खेळलो. चार गाड्या वेळेत झाल्या, दोन राहिल्या, आणि दोन्ही वेळा घोळ रंगाचाच होता. भाग कापणं, घासणं, चिकटवणं हे सगळं मिळून आठ-नऊ तासांचं काम आहे. बाकीचे तास रंग वाळण्यात जातात आणि तिथे आपली घाई चालत नाही.

म्हणून सगळ्यात मोठी चूक म्हणजे सूचनापत्रकाच्या क्रमाने जाणं. त्यात आधी इंजिन, मग चासी, मग आतल्या सीट्स आणि अगदी शेवटी बॉडी असते. आरामात करायचं असेल तर ठीक. घड्याळ लावून बसलात तर बॉडी सगळ्यात आधी हातात घ्या. खोका उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात ती भांड्यांच्या साबणाने धुतलेली असली पाहिजे. साच्यातून सुटावी म्हणून लावलेल्या तेलाचा अंश तिच्यावर राहिलेला असू शकतो आणि त्यावर रंग धरत नाही. मग मडगार्डवरून, छताच्या कडेने जाणारी साच्याची बारीक रेघ शोधा. नवखे लोक तिला गाडीचीच रेघ समजून सोडून देतात आणि चकचकीत रंगाखाली ती दुप्पट उठून दिसते. ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून दहा मिनिटं घासलं की काम झालं. अकराच्या आत प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, बसला पाहिजे. चासी, सीट्स, चाकं हे सगळं रंगाच्या दोन हातांच्या मधल्या वेळात.

किट निवडतानाही लोक फसतात. उघडणारं बॉनेट, तारांसकट इंजिन, उघडणारे दरवाजे असलेलं किट या खेळासाठी घेऊ नका. जपानमधल्या शिझुओकाच्या टामिया कंपनीची बॉनेट बंद असलेली, इंजिन नसलेली १/२४ किट्स मला सगळ्यात सोयीची वाटतात. भाग एकमेकांत नीट बसतात, पुटी भरत बसावं लागत नाही.

रंगाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण रात्र इथेच वाया जाते.

टामियाचे स्प्रे घेताना डब्यावरची अक्षरं वाचा. टीएस म्हणजे किटच्या पॉलिस्टायरीनसाठी, पीएस म्हणजे रिमोटच्या गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी. पीएस किटवर मारलात तर प्लास्टिक खाल्लं जातं. हार्डवेअरच्या दुकानातला, खऱ्या गाड्यांच्या टचअपचा स्प्रे वापरणार असाल तर आधी स्प्रूच्या (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या) तुकड्यावर मारून बघा. त्यातला थिनर कडक असेल तर पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे येतात. इनॅमल तर बॉडीसाठी नकोच. तो हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन कडक होतो आणि त्याला दिवस लागतात. टीएससारख्या लॅकरमधला थिनर उडून गेला की तो वाळतो. इनॅमलवर लॅकर मारलात तर खालचा थर सुरकुततो, आणि मग सगळा रंग उतरवण्याशिवाय इलाज नाही. चोवीस तासांत ते जमत नाही.

लाल प्लास्टिकच्या बॉडीवर थेट पांढरा रंग मारण्याची चूक मी स्वतः केली आहे. तीन हात दिले तरी गाडी गुलाबीच. प्लास्टिकमधला लाल रंग वर झिरपत राहतो. आधी चंदेरी रंगाचा एक हात द्या, मग पांढरा प्रायमर, मग रंग.

स्प्रे मारताना डबा २० ते २५ सेंटीमीटरवर धरा, सुरुवात आणि शेवट बॉडीच्या बाहेर करा. पहिले दोन हात अगदी विरळ, खालचा प्रायमर दिसला तरी चालेल. प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा. ‘एकाच हातात उरकू’ म्हटलं की ओघळ आलाच. मॉडेलवरचा १ मिलिमीटरचा ओघळ म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ एक इंचाचा, इतका तो डोळ्यांत खुपतो. आलाच तर बोट लावू नका, कापसाने टिपू नका. पूर्ण वाळू द्या, मग १५०० नंबरच्या ओल्या कागदाने तेवढाच भाग सपाट करून वर एक विरळ हात. मेटॅलिक रंगावर मात्र कागद लावू नका, चरे पडतात आणि चंदेरी कण विस्कटतात.

पावसाळ्यात आणखी एक संकट. थिनर भरभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि काळ्या गाडीवर पांढुरकी झाक येते. कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हे हमखास होतं. संततधार असेल तर त्या दिवशी हा खेळ मांडूच नका. मध्येच पाऊस आला तर थांबा, खोली कोरडी करा. आलेली झाक बहुतेक वेळा कोरड्या हवेत मारलेल्या क्लिअरच्या, म्हणजे बिनरंगी पारदर्शक थराच्या, विरळ हाताने जाते.

लवकर वाळावं म्हणून लोक हेअर ड्रायर लावतात. त्याने धूळ बसते आणि छताचा पातळ भाग वाकतो. बॉडी झाकणाच्या मोठ्या डब्याखाली ठेवा आणि नाक जवळ नेऊन वास घ्या. थिनरचा वास येतोय तोवर रंग आतून ओला आहे, वरून कितीही कोरडा लागला तरी. एकदा पहाटे तीनला मी अंदाजाने बॉडी उचलली आणि अंगठ्याचा ठसा छतावर कायमचा बसला. तेव्हापासून बॉडीला आतून दुहेरी टेपने रिकामी बाटली चिकटवतो, बाटली धरूनच सगळं करतो.

आणि कृपा करून दारं-खिडक्या बंद करून स्प्रे मारू नका. बाल्कनीत जा, गॅसच्या ज्योतीपासून लांब, रसायनांच्या वाफेचा फिल्टर असलेला मास्क लावून. झोपही याच वेळापत्रकात बसवा. डिकल (पाण्यात भिजवून लावायची पातळ चित्रं, अक्षरं) संध्याकाळी लावून वाळवा, क्लिअर रात्री अकराच्या सुमारास मारा आणि पाच तास खुशाल झोपा. क्लिअरचेही पहिले हात विरळच हवेत, भसकन मारलात तर डिकल सुरकुततात. पेंगुळलेल्या हातात कटर धरून कुणाचं भलं झालेलं नाही.

जोडणीतल्या चुका थोडक्यात. काचांना फेविक्विक लावू नका, त्याच्या वाफेने काच कायमची धुरकट होते. साधं फेविकॉल लावा. ते वाळल्यावर पारदर्शक होतं, बाहेर आलेलं ओल्या बडने पुसता येतं. क्रोमच्या भागांवर प्लास्टिकचा ग्लू धरत नाही, कारण तो प्लास्टिक विरघळवून जोडतो आणि इथे मध्ये क्रोमचा थर असतो. चिकटवायच्या जागी ब्लेडने क्रोम खरवडा. चासी चिकटवल्यावर ग्लू ओला असतानाच ती आरशावर ठेवून चारही चाकं टेकतात का पाहा. नंतर पाहिलंत तर एक चाक हवेत राहिलेलं दिसेल.

बॉडी चासीवर बसते का, हे रंग देण्याआधी कोरडंच बसवून बघा. मी एकदा हे टाळलं. बावीसाव्या तासाला आतल्या दरवाजांच्या कडा रंगाने जाड झालेल्या, बॉडी खाली जाईना. जोर लावला आणि पुढच्या काचेशेजारचा खांब कट्कन मोडला. तुमच्यावर ही वेळ आली तर घाबरू नका. बॉडी काढा, मोडलेली टोकं जुळवून धरा आणि आतल्या बाजूने पातळ ग्लूचा ब्रश नुसता टेकवा. ग्लू आपोआप फटीत ओढला जातो. अर्धा तास टेपने बांधून ठेवा, तोवर आतल्या कडांचा रंग खरवडून घ्या. मग बॉडी दोन्ही बाजूंनी किंचित फाकवून मागची बाजू आधी बसवा.

साइड मिरर आणि अँटेना सगळ्यात शेवटी. आधी लावलेत तर चासी बसवताना एक तरी उडतोच, आणि फरशीवर पडलेला काळा मिरर सकाळी पावणेनऊला सापडत नाही.