कन्नड घरातल्या रूम पार्टनरसोबत कसे राहावे

टिळकवाडी, शहापूर, अनगोळ अशा भागांत दोघी-तिघींनी मिळून खोली घेणे बेळगावात नेहमीचे आहे. खानापूर-निपाणीकडची मराठी मुलगी गोकाक-बागलकोटकडच्या कन्नड मुलीसोबत राहू लागली की पहिली अडचण भाषेची येईल, असे घरच्यांना वाटते. मला ती स्वयंपाकघरात आली.

म्हणून सामान लावण्याआधी जेवणाचे ठरवून घ्यावे. माझी सोबतीण लिंगायत, पूर्ण शाकाहारी, आणि मी पहिल्याच रविवारी दोघींच्या तव्यावर सुकट परतली. ती काही बोलली नाही. परंतु भाकरी थापणे तिने बंद केले आणि चार दिवस ती दही-चिरमुऱ्यांवर काढते आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. मी तिची क्षमा मागितली आणि त्याच संध्याकाळी तिच्यासाठी नवा लोखंडी तवा आणला. तवा, कालथा आणि घासणी पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावी, मासे-मटण करायचा दिवस आधी सांगावा आणि नंतर ओटा साबणाने पुसून घ्यावा.

पुढे सकाळच्या वेळा ठरवाव्यात. अनेक लिंगायत घरांत स्नानानंतर इष्टलिंग, म्हणजे अंगावर बाळगायचे लहान लिंग, डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात; तेवढा वेळ मिक्सर लावू नये, हाका मारू नयेत.

कन्नड थोडी तरी शिकावी. 'ऊट आय्ता?' म्हणजे 'जेवण झाले का?' आणि 'बा' (ये) हे एकेरी, तर 'बर्री' (या) हे आदराचे, एवढ्यावरही सुरुवात होते. तिच्या आईला मी दारात 'बर्री' म्हटले, तेव्हा त्यांनी पिशवीतून ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगदाण्याची चटणी आधी माझ्या हातात दिली.

पाडवा आणि युगादी एकाच दिवशी येतात, कडुलिंब-गूळही दोन्हीकडे असतो. तो एकाच वाटीत कालवावा.

१ नोव्हेंबर मात्र अवघड असतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेमुळे तो तिच्यासाठी राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस, तर सीमाभागातल्या मराठी माणसांसाठी काळा दिन. त्या दिवशी गप्प राहून कुढण्यापेक्षा आदल्या रात्री आपापले मन मोकळे करावे, परंतु दुसरीला पटवण्याच्या भरीस पडू नये. आम्ही आपापल्या वाटेने जात असू, आणि जी आधी परतेल तिने दोघींचा भात लावायचा, एवढे ठरलेले असे.