ओसीआय आहे म्हणून अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्स अडतो का? फॉर्म भरण्याआधी हे वाचा

अमेरिकन सिटिझन झालेल्या आपल्या पोरापोरींना डिफेन्स कंपनीची ऑफर आली की सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गुप्त माहितीवर काम करायची सरकारी परवानगी, लागते. तेव्हा पहिली धाकधूक ओसीआयचीच (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड) असते, आणि मग कोणीतरी सांगतं की कार्डाचा उल्लेखच करू नकोस. हे अजिबात ऐकू नका!

आधी एक क्लिअर करून घ्या. भारतात दुहेरी नागरिकत्व नाहीच, १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार अमेरिकन सिटिझनशिप स्वतःहून घेतली की भारतीय नागरिकत्व गेलं. ओसीआयवर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, म्हणजे नाव काहीही असो ते नागरिकत्व नाही. गोव्याच्या मंडळींचं वेगळं, आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले म्हणून ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आणि नंतर अमेरिकन झाले, ते खरोखरचे ड्युअल.

पण ड्युअल असलात तरी तेवढ्यावरून नकार येत नाही. ८ जून २०१७ पासून क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवण्याचे जे नियम लागू आहेत त्यातल्या गाइडलाइन सी मध्ये, म्हणजे दुसऱ्या देशाकडे कल आहे का हे बघणाऱ्या भागात, हे स्पष्ट आहे. त्याआधी परदेशी पासपोर्ट जवळ असणंच अडचणीचं होतं, लोक तो जमा करायचे नाहीतर नष्ट करायचे, म्हणून जुने लोक अजून तोच सल्ला देतात. आता बघतात ते हे की तुम्ही तो लपवलात का, आणि अमेरिकेत येता-जाता अमेरिकन पासपोर्टच वापरलात का.

क्लिअरन्सला आपण स्वतः अर्ज करू शकत नाही, कंपनी किंवा सरकारी खातं स्पॉन्सर करतं आणि मग एसएफ-८६ हा क्लिअरन्सचा सरकारी फॉर्म भरायचा. सेक्शन १० मध्ये आजवर दुसऱ्या देशाने दिलेला कुठलाही पासपोर्ट विचारतात, म्हणजे तुमचा जुना भारतीय पासपोर्ट आलाच, तो सरेंडर केल्याचं सर्टिफिकेट शोधून ठेवा. ओसीआय कुठे लिहायचं हे कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला विचारा, आणि काही झालं तरी कमेंटच्या चौकटीत कधी काढलं, कशासाठी काढलं ते दोन ओळीत लिहाच.

खरं सांगायचं तर आपल्या लोकांचा जास्त वेळ जातो गाइडलाइन बी मध्ये, म्हणजे परदेशातली माणसं आणि पैसा. आई-बाबा, भावंडं, सासू-सासरे सगळ्यांचे पत्ते आणि नागरिकत्व लागतं. काका रिटायर्ड कर्नल असतील आणि तुमचं नेहमी बोलणं असेल तर तेही सांगायचं. बाबांनी तुमचं नाव घालून ठेवलेली एफडी, पुण्याचा फ्लॅट, गावच्या सातबाऱ्यावर लागलेलं नाव, हे सगळं सेक्शन २० मध्ये. त्यामुळे आधी घरी फोन करून नीट विचारा की माझ्या नावावर काय काय आहे, कारण बऱ्याच जणांना स्वतःलाच माहीत नसतं आणि नंतर ते बाहेर आलं की लपवल्यासारखं दिसतं. मुद्दाम खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

७ वर्षांतल्या परदेश प्रवासाच्या तारखाही लागतात, पासपोर्टचे शिक्के आणि तिकिटांचे जुने ईमेल घेऊन बसा. आणि क्लिअरन्स मिळाल्यावर गणपतीला घरी जायचं असेल तरी तिकीट काढलं की लगेच सिक्युरिटी ऑफिसरला कळवा, निघायच्या आदल्या दिवशी नको.