फॉर्टिफाइड डेझर्ट वाइन निवडताना : ती पिंपात मुरली की बाटलीत?

आंबणाऱ्या रसात द्राक्षाचं स्पिरिट ओतलं की यीस्ट मरतं आणि साखर उरते. पोर्टबद्दल, म्हणजे पोर्तुगालच्या या गोड फॉर्टिफाइड (स्पिरिट मिसळलेल्या) वाइनबद्दल, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. मला झुंजवलं ते पुढच्या प्रश्नानं. एकाच दोउरो खोऱ्यातली, त्याच द्राक्षांची रुबी आणि टॉनी हे पोर्टचे दोन प्रकार चवीला इतके वेगळे का?

फरक हवेचा आहे. टॉनी लहान लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं राहते, लाकडातून हवा झिरपते, रंग तपकिरी होतो, अक्रोड-कॅरॅमलची चव येते. रुबीला हवा जेमतेम लागते, म्हणून फळ ताजं राहतं. व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची, दोनेक वर्षांतच बाटलीत जाते आणि पुढची दशकं तिथेच, हवेविना मुरते. म्हणजे ‘जुनी’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या वाइनना लागतो. २० वर्षांची टॉनी बाटलीत भरली तेव्हाच तयार असते. ती आणखी दहा वर्षं जपून काहीही मिळत नाही. शिवाय तो आकडा मिश्रणाची धाटणी सांगतो, प्रत्येक थेंबाचं वय नव्हे. उघडल्यावरही हेच सूत्र: व्हिंटेज दोन-तीन दिवसांत संपवा, टॉनी फ्रिजमध्ये काही आठवडे टिकते.

मस्कट द्राक्षांच्या गोड वाइननाही हाच प्रश्न विचारा. फ्रान्सची बोम-द-व्हनीज फुलांसारखी ताजी, लवकर प्यायची. ऑस्ट्रेलियाची रदरग्लेन त्याच कुळातल्या द्राक्षाची, पण पिंपात मुरून काकवीसारखी दाट.

गोडीची उतरंड लावणारे तक्ते पाठ करू नका, स्पष्टच सांगते. मडेराच्या (पोर्तुगालच्या मडेरा बेटावरची फॉर्टिफाइड वाइन) सर्सियल, व्हर्देल्यो, बुआल, माल्मसी या वाढत्या गोडीच्या क्रमाला तो तक्ता चालतो, स्पेनच्या शेरीत फसवतो. शेरी आधी पूर्ण आंबवतात, मग स्पिरिट घालतात, म्हणून फिनो ही शेरी ठणठणीत कोरडी, म्हणजे गोडी नसलेली. पेद्रो हिमेनेझ या गोड शेरीची गोडी उन्हात सुकवलेल्या द्राक्षांतून येते, लिटरला किमान २१२ ग्रॅम साखर! लेबलं घोकून घेणाऱ्यापेक्षा दोन ग्लास शेजारी ठेवून ‘सांग, हवा कुठे लागली?’ असं विचारणारा गुरू शोधा.

सुरुवातीला नाकाला नुसतं अल्कोहोलच झोंबेल. पोर्टमध्ये ते साधारण २० टक्के असतं, त्यामुळे घाबरू नका. ग्लास फार घुसळू नका, हलकेच हुंगा. सरावाला एकच बाटली परवडत असेल तर मडेरा घ्या. उष्णता आणि हवा दोन्ही तिनं आधीच सोसलेली असतात, त्यामुळे उघडल्यावर महिनोन्महिने थोडी थोडी चाखता येते.