पदवीच्या पहिल्या वर्षाआधी: क्रेडिट आणि शिष्यवृत्तीची तयारी

नागपुरात पदवीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी दहावीची गुणपत्रिका आणि आधार कार्ड शेजारी-शेजारी ठेवून आपले नाव अक्षरन् अक्षर जुळते का, ते पाहावे. भिवापूरकडून आलेल्या एका मुलीच्या गुणपत्रिकेवर आडनाव, नाव आणि वडिलांचे नाव असे तीन शब्द होते, आधारवर मात्र दोनच; तेवढ्यावरून तिचे क्रेडिट बँकेचे, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक (क्रेडिट) जमा होतात ते, खाते अडले आणि ऐन प्रवेशाच्या धावपळीत तिला आधार केंद्राच्या रांगेत उभे राहावे लागले. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांकही चालू असावा. तो गावी असलेल्या वडिलांचा असेल, तर प्रत्येक ओटीपीसाठी घरी फोन करावा लागतो आणि वडील शेतात असले की अर्ज तसाच राहतो.

नाव जुळले की डिजिलॉकरमधून एबीसी, म्हणजे अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते उघडावे आणि आपला अपार क्रमांक, म्हणजे विद्यार्थी म्हणून कायमचा ओळख क्रमांक, वहीत लिहून ठेवावा. ही व्यवस्था २०२१ पासून सुरू आहे. थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे सत्रातील १५ तासांचे अध्यापन आणि प्रात्यक्षिकाचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास, हा हिशेब लक्षात ठेवला की वेळापत्रक आपोआप उलगडते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात आणि तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ लागतात. विद्यार्थी मेजर, म्हणजे मुख्य विषयाकडे नीट लक्ष देतात, पण कौशल्य, मूल्यशिक्षण किंवा भारतीय ज्ञान प्रणालीचे दोन क्रेडिटचे पेपर सोपे समजून सोडून देतात, आणि हीच चूक मला सर्वांत महागात पडणारी वाटते. कारण वर्गात बसल्याने क्रेडिट मिळत नाही, पेपर उत्तीर्ण झाल्यावरच ते खात्यात जमा होते. गडचिरोली किंवा चंद्रपूरकडून, म्हणजे २०११ मध्ये वेगळ्या झालेल्या गोंडवाना विद्यापीठातून मध्येच नागपूरला यायचे असेल, तर आधीच्या विषयांचा अभ्यासक्रमही जपून ठेवावा, कारण कोणती क्रेडिट ग्राह्य धरायची हे ठरवताना तो पाहिला जातो.

उत्पन्नाचा दाखला स्वतःच्या तालुक्याच्या तहसीलमधून मिळतो, त्यामुळे तो गाव सोडण्यापूर्वीच काढावा. त्यासोबत अधिवास प्रमाणपत्र, टीसी, लागू असल्यास जातीचा दाखला आणि व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जात वैधता प्रमाणपत्र हेही फाइलमध्ये असावे. शिक्षणात खंड पडला असेल, तर त्याचे शपथपत्र लागते.

महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्जात खरी अडचण बँक खात्याची असते. खात्याला आधार दिलेला असणे आणि ते खाते थेट लाभासाठी एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधील डिजिटल व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेकडे, आधारशी जोडलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, म्हणून नागपुरात नवे खाते उघडताना पूर्वीचे खाते बदलते आहे का, हे बँकेत स्पष्ट विचारावे आणि आधारच्या संकेतस्थळावर सीडिंगची, म्हणजे या जोडणीची, स्थिती पाहून घ्यावी.

योजना निवडताना अटी शांतपणे वाचाव्यात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातील मुलींनी कॅप, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला असेल आणि उत्पन्न याच मर्यादेत असेल, तर २०२४-२५ पासून त्यांना शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ती नाही, हे प्रवेश घेण्याआधीच आईवडिलांना सांगावे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या बाहेरगावच्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी स्वाधार योजनेचा अर्ज अवश्य करावा. तिच्यात नागपुरासाठी भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये आहेत, आणि खोलीभाडे व मेसचा खर्च पाहता ही रक्कम शिक्षण टिकवणारी ठरते.

अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयातून पुढे गेला का, हे दर आठवड्याला लॉगिन करून पाहावे. त्रुटीमुळे परत आलेला अर्ज मुदतीत पुन्हा सादर केला नाही, तर तो बाद होतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि त्याला पहिल्या वर्षाची गुणपत्रिका जोडायची असते, म्हणून निकाल लागताच तिची प्रत त्याच फाइलमध्ये ठेवावी.