कामाचा लॅपटॉप बदलताना: बेताच्या बजेटात काय घ्यावे, काय सोडावे

सांगली परिसरात हिशेब, कर-विवरणपत्रे किंवा सेवा केंद्राचे काम करणाऱ्यांनी लॅपटॉप बदलण्यापूर्वी तो खरोखरच बदलण्याच्या अवस्थेला आला आहे का, याची खात्री करून घ्यावी. सुरू व्हायला पाच-सात मिनिटे घेणाऱ्या यंत्रात दोष पुष्कळदा प्रोसेसरचा नसून जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कचा असतो आणि तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान साठवण) बसवली की तेच यंत्र आणखी काही वर्षे विनातक्रार चालते. सांगलीच्या मार्केट यार्डात याला आणखी एका कारणाची जोड मिळते. हळदीच्या सौद्यांच्या हंगामात उडणारी बारीक पिवळी धूळ पंख्याच्या पात्यांवर आणि गरम हवा बाहेर टाकणाऱ्या जाळीत साचते, प्रोसेसर तापतो आणि तापला की स्वतःचा वेग आपोआप कमी करतो. असा लॅपटॉप उघडून साफ करून घेतला आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा वाळलेला लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, बदलली, तर तेवढ्यावरही काम भागते.

मात्र डागडुजीला एक मर्यादा आहे. विंडोज 10 साठीचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय व, इंटेलच्या बाबतीत, साधारणपणे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात आणि ज्यात पक्षकारांचे पॅन, आधार व पोर्टलचे पासवर्ड साठवलेले असतात, ते सुरक्षा अपडेटविना चालवणे धोक्याचे आहे. त्यामुळे सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीच्या लॅपटॉपवर आता पैसे घालू नयेत.

नवीन यंत्र निवडताना एकच सूत्र धरावे: जे नंतर सहज बदलता येत नाही त्यावर पैसा खर्च करावा आणि जे बदलता येते त्यात काटकसर करावी. स्क्रीन, कीबोर्ड, बिजागऱ्या, प्रोसेसर आणि मदरबोर्डवर सोल्डर करून कायमची जोडलेली रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) या गोष्टी एकदा घेतल्या की त्या सहसा यंत्राच्या अखेरपर्यंत तशाच राहतात. एसएसडी, बॅटरी आणि सुट्या स्लॉटमधली रॅम मात्र वर्षभराने, हातात पैसे आल्यावरही बदलता येते. म्हणूनच 512 जीबी एसएसडी पण जागेवर कायम केलेली 8 जीबी रॅम, यापेक्षा 256 जीबी एसएसडी आणि रॅमसाठी एक मोकळा स्लॉट, हा सौदा मला अधिक शहाणपणाचा वाटतो. टॅली, एक्सेल, ब्राउझरमध्ये उघडलेली दोन-तीन सरकारी पोर्टल्स आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब एकाच वेळी चालवायचे असेल, तर 8 जीबी हा किमान आकडा आहे. 16 जीबी असावी.

बजेट 30 ते 35 हजारांचे असेल, तर नवा कोरा स्वस्त लॅपटॉप घ्यावा की कंपन्यांनी वापरून परत केलेला रिफर्बिश्ड, हा खरा पेच असतो. माझे मत रिफर्बिश्डकडे झुकते, पण तो बिझनेस मालिकेतला असावा: डेलचा लॅटिट्यूड, लेनोव्होचा थिंकपॅड किंवा एचपीचा एलिटबुक. ही यंत्रे दिवसभराच्या कार्यालयीन वापरासाठी बांधलेली असतात, त्यांचा कीबोर्ड दमदार असतो आणि बहुतेकांचे सुटे भाग सहज मिळतात. याउलट अगदी स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये सेलेरॉन दर्जाचा प्रोसेसर आणि एसएसडीऐवजी संथ ईएमएमसी साठवण असू शकते. ही साठवण मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असल्यामुळे ती काढून दुसरी बसवताही येत नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत आय 5, आय 7 या स्टिकरवर जाऊ नये, संपूर्ण क्रमांक वाचावा. आय 7-6600यू हा सहाव्या पिढीचा, दोनच कोर (एकाच वेळी काम करणारे स्वतंत्र भाग) असलेला प्रोसेसर आहे आणि विंडोज 11 च्या अधिकृत यादीत तो बसत नाही. आय 3-1215यू हा नावाने धाकटा दिसतो, पण बाराव्या पिढीचा असून त्यात सहा कोर आहेत. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीची गंमत वेगळी. तिच्या रायझन प्रोसेसरच्या 7000 मालिकेत तिसरा अंक आतल्या रचनेची पिढी सांगतो, म्हणजे 7320यू हा झेन 2 या जुन्या रचनेवरचा, तर 7530यू झेन 3 वरचा. शिवाय 7320यू असलेल्या लॅपटॉपमध्ये रॅम सोल्डर केलेलीच असते.

पोर्टकडे लोक शेवटी पाहतात. आपल्याकडच्या कामात ते आधी पाहावेत. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन, सेवा केंद्रातले बोटांचे ठसे घेणारे यंत्र, प्रिंटर आणि माउस या सर्वांना बहुधा जुन्या आकाराचा यूएसबी पोर्ट लागतो आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये फक्त टाइप-सी असतो. स्क्रीन 1920 बाय 1080 ची आणि शक्यतो आयपीएस (बाजूने पाहिले तरी स्पष्ट दिसणारी) असावी. 1366 बाय 768 च्या स्क्रीनवर एक्सेलचे स्तंभ सतत सरकवत बसावे लागते.

रिफर्बिश्ड लॅपटॉप दुकानात बसून, घाई न करता तपासावा. झाकण सावकाश उघड-बंद करून बिजागरी कुरकुरते का, चौकट फाकते का, ते पाहावे. नोटपॅड उघडून प्रत्येक कळ दाबावी. कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport ही आज्ञा दिली की अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी दिसते. आजचा आकडा मूळ आकड्याच्या 60 टक्क्यांच्या आसपास असेल, तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करून मागावी. त्यानंतर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून तिथे पासवर्ड नाही ना, ते पाहावे आणि आपल्या समोर विंडोज रीसेट करायला सांगून आपल्याच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते सुरू करावे. सुरुवातीलाच एखाद्या अनोळखी कंपनीचे लॉगिन मागितले गेले, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे आणि किंमत कितीही कमी असली तरी ते घेऊ नये. दुकानदार रीसेट करायला टाळाटाळ करू लागला, तरी तिथून उठावे.

वॉरंटी किती वर्षांची, यापेक्षा ती कुठे मिळते, हे विचारावे. ‘ऑन-साइट’ असे छापलेले असले, तरी सांगलीचा 416416, मिरजेचा 416410 किंवा आपला जो पिन कोड असेल तो देऊन तंत्रज्ञ येथे येतो का, याची ग्राहक सेवेकडून खात्री करावी. अन्यथा ऐन विवरणपत्रांच्या दिवसांत यंत्र कोल्हापूर-पुण्याच्या वाऱ्या करत राहील. रिफर्बिश्डसाठी दुकानाची वॉरंटी बिलावर लिहून घ्यावी, तोंडी नको.

बिल पक्केच घ्यावे. नव्या लॅपटॉपवर 18 टक्के जीएसटी असतो आणि नियमित नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला कामासाठी घेतलेल्या यंत्रावरचा हा कर इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून वजा करून, मिळू शकतो. कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या, व्यापाऱ्याला तो मिळत नाही. जुन्या मालाचा विक्रेता फक्त नफ्यावर कर भरत असेल, तर त्या खरेदीवरही क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे नव्या आणि जुन्या यंत्राच्या किमतीची तुलना क्रेडिट वजा करूनच करावी. प्राप्तिकरात संगणकावर 40 टक्के दराने घसारा मिळतो, मात्र त्या वर्षात यंत्र 180 दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर त्याच्या निम्माच. अनुमानित पद्धतीने, म्हणजे उलाढालीचा ठरावीक टक्का नफा मानून, कर भरणाऱ्यांना तो वेगळा दाखवता येत नाही.

यंत्र घरी आल्यावर टॅलीचा डेटा आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर घ्यावीत व ती प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्यतो वरच्या मजल्यावर ठेवावी. 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या सांगलीकरांना याचे कारण सांगायला नको. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटर आणि मराठी टायपिंगचा कीबोर्ड हे सर्व नव्या यंत्रावर चालते का, हे 11 आणि 20 या जीएसटीच्या तारखांच्या बरेच आधी तपासावे. जुना लॅपटॉप एक महिन्याची विवरणपत्रे नव्यावरून सुरळीत दाखल होईपर्यंत विकू नये आणि विकताना ‘सर्व काही काढून टाका’ हा पर्याय निवडून, ड्राइव्ह साफ करण्याची सूचना देऊनच रीसेट करावा.