केळीच्या सोपटाचा कागद: डिंक ठेवा बाजूला, पाणी वाढवा

नांदेड जिल्ह्यात अर्धापूरकडं घड उतरला की केळीचा खांब बांधावर पडून सडतो. त्याच्या सोपटांपासून, म्हणजे खांबाच्या एकावर एक गुंडाळलेल्या सालींपासून, आठवीची लेकरं वहीच्या पानाएवढा कागद करू शकतात.

सोपटं बोटभर कापून वाळवा. अर्धा किलो वाळलेल्या तुकड्यांना १०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून भरपूर पाण्यात दोन-तीन तास उकळा. हे काम शिक्षकानंच करायचं. पातेलं स्टीलचं घ्या. अ‍ॅल्युमिनियमला सोडा खातो. कॉस्टिक सोडा वर्गात आणूच नका, कुणी कितीही सांगो. चिमटीत धागे सहज सुटू लागले की लिग्निन, म्हणजे धाग्यांना एकमेकांशी जखडून ठेवणारा पदार्थ, बरंच निघालं. धुवा. शेवटच्या पाण्यात हळद टाका: लाल झाली तर सोडा उरलाय, पिवळीच राहिली तर लगदा उखळात कुटायला घ्या.

जाळी ताणलेल्या चौकटीवर टबातला लगदा उचलताना माझी पहिली दोन वर्षं वाया गेली. कागद कुठं भाकरीएवढा जाड, कुठं भोक. जो तो सांगायचा, डिंक घाला, मैद्याची खळ घाला. घातली. जाळी बुजली, कागद फडक्याला चिकटून बसला. खरी चूक टबातल्या दाट लगद्याची होती. १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम वाळल्या धाग्याचा लगदा पुरे, म्हणजे अर्धा टक्का. लेकरांना वाटतं, यात नुसतं पाणीच आहे. वाटू द्या. ढवळा, लगेच चौकट बुडवून आडवी वर उचला आणि पाणी गळत असतानाच डावी-उजवी, पुढं-मागं हलवा. निथळल्यावर हलवली की थर फाटलाच.

डिंक न घालण्यातच विज्ञानाचा धडा आहे. धागे ज्याचे बनलेत त्या सेल्युलोजच्या रेणूवर ठिकठिकाणी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात. पाणी उडताना धागे एकमेकांना खेटतात आणि त्या जोड्यांमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात. कुटल्यानं धाग्यांना लव सुटते, बंध वाढतात. डिंक घातलात तर लेकरू म्हणणार, कागद डिंकानं धरला. त्याला खोटं कसं पाडणार? वाळल्या कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापा, एक भिजवा, दोन्हींना वजनं टांगा. भिजलेली आधी तुटते. पाण्यानं बंध सोडवले. तेच तुकडे टबात टाकून पुन्हा कागद करून दाखवा.

चौकट सुती फडक्यावर उलटा, दाबा, सावलीत वाळवा.

लिहिताना शाई फुटली तर वाळल्या कागदावर तांदळाची पातळ खळ फिरवा आणि गुळगुळीत गोट्यानं घोटा. खळीची जागा ही, टबात नव्हे.